पायाळू मशीन

मंगळवारी सकाळी कमल गेली. दुपारी तिला नेलं. बुधवारी सकाळी शेजारचे भानुदासराव कंबर धरून आमच्या ओट्यावर आले.

ते वाकलेलेच आले, वाकलेलेच उभे राहिले आणि सवयीने आत तोंड करून म्हणाले, "काकू, जरा पाय..." तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "काल खांदा देताना भरली हो."

म्हणजे उसण भरली. जिला उचलताना कंबर धरली, तिच्याचकडे कंबर दाखवायला आलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. हसावं की रडावं हे माझं ठरेपर्यंत ते भिंतीला धरून परत गेलेसुद्धा.

इथे थोडं सांगायला हवं. माझी बायको कमल पायाळू होती. जन्मताना तिचं डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने धरलेल्या कंबरेवर पाय मारला की कंबर सुटते, असा आमच्याकडे समज आहे. (शास्त्राला तो मान्य नाही. पण शास्त्राची कंबर कधी धरत नाही!) परतूरच्या आमच्या गल्लीत उसणीवर एकच इलाज होता, तो म्हणजे कमलचा डावा पाय. भानुदासराव मार्केट यार्डात हमालांचे मुकादम. कापसाच्या गाठी उचलून उचलून त्यांची कंबर आमच्या ओट्याची कायमचं गिऱ्हाईक झाली होती.

पद्धत ठरलेली होती. उपाशीपोटी यायचं, चटईवर पालथं पडायचं, इलाज होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कमल कणकेचे हात तसेच ठेवून बाहेर यायची, डाव्या पायाने कंबरेवर द्यायची आणि परत चुलीशी. पण त्यानंतर चहा घेतल्याशिवाय कोणाला उठू द्यायची नाही.

"कंबर गरम ऱ्हायला पायजे. बसा जरा. पळून कुठं चाललात?"

कंबर गरम होईपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बातम्या होऊन जायच्या. पुढेपुढे तर कंबर न धरलेले लोकही येऊ लागले. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. कॉलेजात ग्रंथपाल होतो, निवृत्त झाल्यावर घरातच ग्रंथालय केलं. बाहेरचा गलका फार वाढला की आतून म्हणायचो, "जरा हळू." ते हळू व्हायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा चढायचे. मला वाटायचं, मला शांतता आवडते.

या सगळ्यात एक गंमत होती. (माझी नव्हे, गल्लीची.) कमलचा पाय सगळ्या गल्लीला लागला, फक्त मला नाही! आमचं लग्न जमलं त्यातही या पायाचा हात होता. कमलचं माहेर आष्टी. मुलगी पायाळू आहे असं कळल्यावर माझ्या वडिलांनी जागेवर होकार दिला, कारण त्यांची कंबर सतत दुखायची. लग्न झालं, मांडव उतरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सून सासऱ्याला पाय लावत नसते. ते पुढे आयुष्यभर एरंडेल चोळत राहिले आणि सुनेकडे आशेने बघत राहिले.

माझंही तेच. पुस्तकांचे गठ्ठे उचलून माझी कंबर धरायची. मी ओट्यावरच्या चटईकडे बघायचो. कमल कानाला हात लावायची.

"नवऱ्याला पाय लावू? अहो, कोणत्या नरकात धाडता मला?"

"भानुदासराव चालतात, मी नाही?"

"ते काय माझे नवरे हायेत का?"

शेवटी एका चतुर्थीला मी गणपतीच्या दर्शनाला म्हणून राजूरला गेलो. तिथे हारफुलं विकणारा एक पायाळू माणूस असल्याचं कळलं होतं. आधी त्याची लाथ घेतली, मग दर्शन. घरी आलो तर माझ्याआधी बातमी पोचलेली. कमल दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या लाथा खायला राजूरपर्यंत जाता. शोभतं का?"

शोभलं नसेल, पण गुण मात्र आला. त्यानंतर माझी कंबर अशी कधी अडली नाही. धरायची, पण दिवस मावळेपर्यंत सुटायची. राजूरच्या त्या माणसाच्या पायात काय ताकद असेल, असं मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. कमल ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायची.

आता ती नव्हती. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. नाशिकची मुलगी स्वाती होती, पाहुणे होते, शेजारणी डबे आणत होत्या. मग सगळे आपापल्या कामाला गेले आणि ओटा रिकामा झाला. सकाळी मी पुस्तक उघडायचो आणि कान बाहेर लावायचो. बाहेर कोणीच नसायचं. 'जरा हळू' म्हणायची वेळच येईना. भानुदासराव आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे, कंबर दुखत असली तरी ताठ चालायचे. मला वाईट वाटू नये म्हणून! ते ताठ चालणं बघवत नव्हतं.

त्यात चहाचा डबा शोधायला मी खालच्या फडताळात वाकलो आणि तिथेच राहिलो. उसण भरली. कसाबसा फोनपर्यंत गेलो.

"बाबा, मसाज गन घ्या," स्वाती म्हणाली. "हातात धरायचं मशीन असतं. पाठीवर ठेवलं की धडधड धडधड करून स्नायू मोकळे करतं. माझ्या ऑफिसात सगळ्यांकडे आहे."

त्या वाकलेल्या अवस्थेत मला एक कल्पना सुचली. स्वातीला मी सांगितलं की पाठीसाठी घेतो. खरं तर मला ते ओट्यासाठी हवं होतं. मशीन आलं तर माणसं येतील, असा माझा हिशेब होता.

ग्रंथपालाला वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिच्याविषयी वाचायचं. मी वाचायला बसलो. किती जोरात ठोके, किती खोलवर, बॅटरी किती टिकते, वजन किती, आवाज किती. कुठल्या कुठल्या लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, 'फारच छान, अजून वापरलेलं नाही.' त्याने पाच तारे दिले होते. एका बाईंनी मशीन उत्तम आहे पण नवरा तसाच आहे, अशी तक्रार केली होती. पाठीच्या स्नायूंची नावं मला पाठ झाली. स्वाती रोज विचारायची, "घेतलं का?"

"अजून संदर्भ बघतोय."

"बाबा, प्रबंध लिहिताय का? घ्या की एखादं!"

शेवटी माझं ठरलं. हलकं आणि कमी आवाजाचं मशीन घ्यायचं, आणि हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. भानुदासरावांना हटकलं.

"जालन्याला येता का? कंबरेसाठी मशीन बघायचंय."

"मशीन?" त्यांनी शंकेने विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "येतो की. मी कुठं काही करून राह्यलो?"

सकाळच्या गाडीने आम्ही जालन्याला गेलो. दोघांनाही बसवत नव्हतं, म्हणून जागा असून उभे राहिलो. व्यायामाच्या सामानाच्या दुकानात एक उत्साही मालक होता. त्याने मशिनं मांडली, पुढे लावायची वेगवेगळी डोकी मांडली. गोल, चपटं, टोकदार, बेचकीसारखं.

"काका, गोल डोकं मांडीसाठी. बेचकी मणक्याच्या दोन्ही बाजूंना. हे चपटं कुठंही चालतं."

भानुदासरावांनी चपटं डोकं उचललं, अंगठा फिरवून पाहिला.

"सर, हे बराबर टाचेवाणी हाय."

"कोणाच्या टाचेसारखं?" दुकानदाराने विचारलं.

"काकूच्या."

दुकानदार समजल्यासारखा हसला. (काही समजलेलं नसताना असं हसणं हा धंद्याचाच भाग असावा.) मी आवाजाविषयी आणि वजनाविषयी माझे प्रश्न काढले. तो उत्तरं देत होता, तेवढ्यात भानुदासराव पुढे झाले.

"शेठ, एक सांगा. हे जन्मताना कसं आलं?"

"म्हणजे?"

"खोक्यातून काढताना आधी काय येतं? डोकं का दांडा?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"आता ते... पाहिलं नाही कधी."

"मंग पाहू. काढा खोके."

मी त्यांना बाजूला घेतलं. "भानुदासराव, हे यंत्र आहे. कारखान्यात तयार होतं. याला जन्म नसतो."

"नसंना का. पण आलं तर कसंतरी असेल ना?"

एकेक खोकं उघडायला सुरुवात झाली. मी निवडलेलं मशीन, हलकं, कमी आवाजाचं, सगळ्या संदर्भांनी तावून सुलाखून घेतलेलं, ते खोक्यातून डोक्याने आलं. भानुदासरावांनी मान हलवली. दुसरं आडवं आलं. "हे तर बिलकुल न्हाई. आडवं म्हंजे ऑपरेशनच." तिसरंही डोक्याने. दुकानातली इतर गिऱ्हाइकं आता आमच्याभोवती जमली होती आणि प्रत्येक खोक्याला श्वास रोखून धरत होती. दुकानदारालाही चुरस चढली. त्याने फळीवरून एक जुनं, मोठं खोकं काढलं, झाकण उघडलं आणि ओढलं. आधी दांडा आला!

"पायाळू!" भानुदासराव ओरडले. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ते मशीन माझ्या दोन्ही अटींत नापास होतं. वजन वरवंट्याएवढं, आणि चालू केलं तर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. मी नकार देणार होतो. मुद्दे तयार होते. पण भानुदासरावांनी ते दोन्ही हातांत धरलं होतं.

"सर, हेच घ्या," ते म्हणाले. "मंग आम्हाला सकाळी यायला काहीतरी कारण ऱ्हाईल."

मी पाकीट काढलं.

परतूर स्टेशनपासून घरापर्यंत येताना भानुदासरावांनी भेटेल त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर इतकी माणसं होती की मला दारातच थांबावं लागलं. चटई अंथरलेली होती. खुर्चीवर साळवेबाई होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कमलची जिवाची मैत्रीण. पायाळूबियाळू त्या बिलकुल मानत नसत आणि तसं दर वेळी सांगत असत.

"मी फक्त चहाला आलेय, सर," त्यांनी त्या दिवशीही सांगितलं.

पहिला मान भानुदासरावांचा. ते सदरा काढून पालथे पडले, मला म्हणाले, "उपाशी आलोय," आणि तोंड मिटलं. मी माहितीपुस्तक मांडीशी ठेवलं. (ते मी पूर्ण वाचलं होतं. अर्धं चिनी भाषेत होतं, तेही आदराने चाळलं होतं.) पुस्तकात मणक्याच्या दोन्ही बाजूंना बेचकी लावा असं छापलं होतं. ओट्यावरून "चपटं, चपटं!" असा ओरडा झाला. मी छापील शब्दावर विश्वास ठेवला. बेचकी लावली आणि बटण दाबलं.

गिरणी सुरू झाली. भानुदासराव चटईवर थरथरू लागले.

"उं... उं..." ते म्हणाले.

"गुण येतोय," कोणीतरी म्हणालं. मीही तोच अर्थ घेतला आणि वेग वाढवला.

"उं! उं! उं!"

"बघा, बघा, कसं वाटतंय त्यांना!"

मी आणखी वाढवला. आता त्यांनी दोन्ही हातांनी चटई गच्च धरली होती आणि त्यांची पावलं ओट्यावर आपोआप ताल धरत होती. पण इलाज होईपर्यंत बोलायचं नाही हा कमलचा नियम, आणि तो मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तेवढ्यात बेचकीत त्यांचा करदोटा अडकला. मशीन वर घ्यावं तर करदोटा वर, करदोट्याबरोबर भानुदासराव वर! नियम तिथे संपला.

"स-स-सर! ब-ब-बंद करा ह-ह-हे!"

मी बटण दाबलं. वेग वाढला. पुन्हा दाबलं. आणखी वाढला. मी एका हाताने मशीन धरून दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं.

"थांबा, बंद करण्याचं शेवटच्या प्रकरणात दिलंय..."

"पु-पुस्तक न-नंतर वाचा! ज-ज-जल्दी!"

शेवटी साळवेबाई उठल्या. माझ्या हातून मशीन घेतलं, बटण दाबून तसंच धरून ठेवलं, आणि गिरणी बंद पडली. करदोटा तुटला होता. भानुदासराव चटईवर पडून होते. मी त्यांना उठवायला वाकलो आणि माझीही कंबर पुन्हा भरली. मी त्यांच्या शेजारी पालथा पडलो. अख्खी गल्ली आमच्याकडे बघत होती.

"सर," भानुदासराव तसेच पडून म्हणाले, "न्हाई उतरली."

"नाही ना?"

"पाय तो पायच हो. तुम्हाला काकूचा पाय कधी लागला न्हाई, म्हणून तुम्हाला ह्यातला फरक कळायचा न्हाई."

ते खरं होतं. मी चटईच्या काड्या बघत राहिलो. एवढा खटाटोप करून मी गिरणी आणली होती. उद्या यातलं कोणी येणार नाही, हे मला दिसत होतं.

"कोण म्हणतं नाही लागला?" साळवेबाई खुर्चीत परत बसल्या होत्या.

"काय?"

"राजूरच्या वारीनंतर सुरू केलं तिनं. 'माझा माणूस गावोगाव लाथा खात फिरला तर माझी काय इज्जत ऱ्हाईल,' म्हणाली. तुम्ही दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून पालथे झोपायचात ना? कंबर धरली असेल त्या दिवशी यायची हळूच, पाय द्यायची आणि जायची. मी किती वेळा पाहिलंय. मला शप्पथ घातली होती."

"मला जाग कशी आली नाही?"

"घोरण्यातून वर यायला वेळ लागतो, सर."

ओट्यावर हसू पिकलं. मी हसलो नाही. मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

कमलला माझ्या पुस्तकांचं कौतुक नव्हतं. कसर लागते, धूळ बसते, एवढंच तिचं मत. पण उतारवयात कधीकधी दुपारी मला जाग यायची तेव्हा ती माझ्या पायांवर डोकं टेकवून नमस्कार करत असायची. मी विचारलं की म्हणायची, "आज चतुर्थी हाय." कधी म्हणायची, "आज गुरुवार हाय." मी पुढे विचारलं नाही. जन्मभर एवढं वाचलेल्या माणसाची योग्यता घरात उशिरा का होईना कळली, असं मी मनाशी धरलं होतं. दोनतीन मित्रांना तसं सांगितलंही होतं, विनयाने.

"बाई," मी चटईवरूनच विचारलं, "आणि ती नमस्कार का करायची?"

"नवऱ्याला पाय लावला म्हणून," साळवेबाई म्हणाल्या. "लाथ मारायची आणि लगेच पाया पडायची. पाप फिटावं म्हणून."

भानुदासरावांचं अंग आधी हललं. मला वाटलं पुन्हा कंबर दुखतेय. पण ते हसत होते. त्यांच्या हसण्याने चटई हलली, चटईने माझी कंबर हलली, आणि मग मीही हसायला लागलो. कंबरेतून कळ येत होती आणि हसू थांबत नव्हतं. कमल गेल्यापासून मी हसलो नव्हतो, आणि त्या दिवसापर्यंत नीटसा रडलोही नव्हतो. दोन्ही त्या चटईवर पालथं पडूनच झालं, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. सगळ्यांनी दिसलं नाही असंच दाखवलं.

"सर," बऱ्याच वेळाने भानुदासराव म्हणाले, "मंग आता चहा तरी होणार का न्हाई? कंबर गरम ऱ्हायला पायजे."

साळवेबाईंनी मला हात देऊन उठवलं. मी आत जाऊन चहा ठेवला.

मशीन आता फडताळात पुस्तकांच्या वर ठेवलेलं आहे. सकाळी माणसं येतात, चटईवर बसतात, कंबरेची तक्रार सांगतात आणि माझा चहा पितात. चहात साखर फार पडते, असं सगळ्यांचं मत आहे. आवाज वाढला की मी पुस्तक मिटून बाहेर येतो. दुपारी मी अजून पालथाच झोपतो. उठल्यावर पायांशी कोणी नसतं. माझी विद्वत्ता होती तेवढीच आहे. कंबर मात्र दुखते.